मालवाहू गाडीवर नाव लिहावे काय?

शेतकऱ्याच्या दारात पूर्वी बैलगाडी असे. ती कोणाची हे सांगण्यासाठी तिच्यावर काही लिहावे लागत नसे. बैलांच्या जोडीवरून, त्यांच्या शिंगांवरून आणि घुंगरांच्या आवाजावरून गाव मालकास ओळखीत असे. ही गाडी माल घेऊन तालुक्याच्या पेठेत जाई, माल अडत्याच्या स्वाधीन होई आणि शेतकऱ्याचे नाव तेथेच संपे. खाणाऱ्यास पिकवणारा ठाऊक नसे, पिकवणाऱ्यासही खाणारा ठाऊक नसे.

ही स्थिती आता बरीच पालटली आहे. सन २०१६ मध्ये महाराष्ट्रात बाजार समितीच्या आवाराबाहेर होणारा फळे व भाजीपाल्याचा व्यापार नियमनातून मुक्त करण्यात आला. त्याच सुमारास महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाच्या पुढाकाराने शहरांतून शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. बैलगाडीच्या जागी लहान टेम्पो अगर पिकअप आला. शेतातून निघालेली गाडी आता थेट गिऱ्हाइकाच्या दाराशी जाऊन उभी राहते. अशा गाडीच्या कोऱ्या पत्र्यावर आपले नाव लिहावे की तो कोराच ठेवावा, हा प्रश्न त्यामुळे अनेक शेतकरी कुटुंबांपुढे उभा राहिला आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे, परंतु त्यात पत, जबाबदारी, कायदा आणि घरातील सलोखा या चारही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

दोन भावांची दोन मते

उदाहरणादाखल जुन्नर तालुक्यातील दोघा भावांचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पाच एकर बागायत, विहिरीचे पाणी, टोमॅटो, काकडी आणि पालेभाज्या. बँकेचे कर्ज काढून त्यांनी एक लहान टेम्पो घेतला आहे. आठवड्यातून दोन वेळा पहाटे तो नारायणगावहून पुणे-नाशिक महामार्गाने चाकण, भोसरी मार्गे पुण्यास जातो व माल विकून सायंकाळी परततो. धाकट्या भावाच्या मनात आहे की, टेम्पोच्या दोन्ही बाजूंस व पाठीमागे नाव रंगवून घ्यावे. थोरल्याचा त्यास ठाम विरोध आहे.

थोरला म्हणतो, “नाव रंगवले म्हणजे आपली चूकही रंगवली. गारपिटीनंतर आपण डागी टोमॅटो नेला होता, आठवतो ना? बिननावाची गाडी होती म्हणून निभावले. नाव असते तर त्या लोकांनी पुन्हा तोंड पाहिले नसते.”

त्यावर धाकट्याचे उत्तर असे : “दादा, डागी माल लोक विसरले हे खरे. पण त्याच्या आधी दोन महिने आपण एक नंबर माल देत होतो, तोही ते विसरले. दर खेपेस आपण नव्याने ओळख सांगत उभे राहतो.”

या दोन वाक्यांत सारा वाद आला आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणून एकाचे चूक व दुसऱ्याचे बरोबर असा निवाडा न देता, नावाने काय साधते आणि काय अंगावर येते हे क्रमाने पाहिले पाहिजे.

नावाने काय साधते

भाजीपाला ही रोज लागणारी वस्तू आहे. गिऱ्हाईक एकदा आले म्हणजे विक्री झाली, पण व्यापार झाला असे नव्हे. तेच गिऱ्हाईक पुढील आठवड्यात त्याच गाडीकडे वळले म्हणजे व्यापारास आरंभ झाला. आठवडे बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या दहा-वीस गाड्या ओळीने उभ्या असतात. मागील वेळी गोड काकडी दिली ती कोणती गाडी, हे गिऱ्हाइकास आठवत नाही. नाव असले म्हणजे आठवणीस खुंटी मिळते.

दुसरा लाभ असा की, नाव दिसल्यावर गिऱ्हाइकास विश्वास वाटतो. जो आपला ठावठिकाणा उघड सांगतो तो फसवणार नाही, असे माणसाचे मन सहज मानते. तिसरा लाभ वाटेवरचा आहे. गृहनिर्माण संस्थेचा कार्यवाह, खानावळीचा चालक किंवा लग्नघरचा यजमान रस्त्यात गाडी पाहून दूरध्वनी करू शकतो. वृत्तपत्रातील जाहिरातीस दर वेळी पैसे पडतात. गाडीवरील अक्षरास एकदाच पडतात.

चौथा लाभ क्वचितच ध्यानात येतो. नाव लिहिल्याने मालकाचे स्वतःचे वर्तन सुधारते. नावाच्या गाडीत वजनकाटा खरा ठेवावा लागतो, गाडी धुवावी लागते, सडका माल वरच्या थराखाली लपवून चालत नाही. ही शिस्त प्रथम जड वाटते, परंतु धंद्याचा पाया तीच घालते.

नावाची जबाबदारी

आता थोरल्या भावाची बाजू. त्याची भीती निराधार नाही. नावाची गाडी भरधाव चालविली, वळणावर कोणास दाबले, शाळेपुढे कर्णा वाजविला, तर लोक चालकास नव्हे, नावास दोष देतात. गाडी पगारी चालकाच्या हाती असेल तर ही जोखीम अधिक. म्हणून जेथे चालकावर भरवसा नाही तेथे रंगाऱ्यास बोलावण्यापूर्वी चालकाचा विचार करावा.

मालाच्या बाबतीतही तसेच. गारपीट, अवकाळी पाऊस, करपा किंवा फळमाशी यांमुळे एखादा तोडा हलका निघणारच. अशा वेळी बिननावाचा विक्रेता माल मिसळून विकतो. नावाच्या विक्रेत्यास तसे करता येत नाही. त्याने प्रतवारी करावी, डागी माल वेगळ्या पाटीत ठेवून डागी म्हणूनच कमी भावाने विकावा अगर त्या दिवशी गाडी नेऊ नये. हे ज्यास मान्य नाही त्याने नाव न लिहिणेच हितावह होय.

सुरक्षिततेचा विचारही करावा. भाजीची गाडी सायंकाळी परतते तेव्हा तीत दिवसाची रोकड असते, हे नाव व धंदा पाहून कोणासही समजते. यास्तव गाडीवर गाव व तालुका लिहावा, घराचा संपूर्ण पत्ता लिहू नये. रोकड गल्ल्यात न साठवता शक्य तो भरणा डिजिटल पद्धतीने घ्यावा आणि परतीची वेळ व थांबे नेहमी एकच ठेवू नयेत.

शेवटची गोष्ट गाडी विकण्याची. नाव पुसल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या हवाली केली तर त्या नावाखाली तो वाटेल तो माल विकील. अपघात झाल्यास लोक जुन्याच मालकास विचारतील. नोंदणीत जुने नाव राहिले असेल तर कायद्याची जबाबदारीही नोंदलेल्या मालकावर येऊ शकते. म्हणून विक्रीच्या दिवशी अक्षरे पुसून टाकावीत. हस्तांतराची सूचना राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावी लागते, ती चुकवू नये.

काय लिहावे, काय लिहू नये

प्रथम प्रश्न नावाचा. वडिलांचे, स्वतःचे, मुलाचे की देवाचे? अविभक्त कुटुंबात येथेच ठिणगी पडते. धाकट्याने गाडीवर आपल्या मुलाचे नाव घातले तर थोरल्याच्या घरात त्याचा अर्थ वेगळा लावला जातो, आणि उद्या वाटणी झाली तर नाव एकाकडे व गाडी दुसऱ्याकडे असा पेच पडतो. अशा वेळी मळ्याचे नाव उत्तम. चिंचेचा मळा, विहिरीचा मळा, देवराईचे शेत अशी नावे प्रत्येक कुटुंबात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली असतात. ती कोणा एकाची नसतात आणि शहरातील गिऱ्हाइकाच्या कानास गोडही लागतात.

गाडी गटाची अगर शेतकरी उत्पादक कंपनीची असेल तर संस्थेचेच नाव लिहावे. ते नोंदणीपत्रात जसे आहे तसेच असावे. अध्यक्षाचे नाव, छायाचित्र किंवा पक्षाचे चिन्ह त्यावर घालू नये. संस्थेचा माल सर्वांना विकावयाचा असतो. अनुदानातून घेतलेल्या वाहनावर योजनेचे नाव लिहिण्याची अट मंजुरीपत्रात असू शकते, म्हणून ते पत्र आधी वाचावे.

नावापुढे मालाचा उल्लेख करावा. येथे अतिशय सावध राहिले पाहिजे. ‘सेंद्रिय’ हा शब्द शोभेचा नाही. सेंद्रिय अन्नाविषयी सन २०१७ चे विनियम आहेत आणि राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम अथवा पीजीएस-इंडिया यांद्वारे प्रमाणीकरण होते. थेट विकणाऱ्या लहान उत्पादकांना त्यात काही सवलत असली तरी, खताच्या गोणी आणि औषधांच्या बाटल्या ज्या शेतात पडल्या आहेत तेथील मालाच्या गाडीवर हा शब्द लिहिणे म्हणजे गिऱ्हाइकाशी उघड खोटे बोलणे होय. ‘शंभर टक्के विषमुक्त’ यांसारखी वाक्येही टाळावीत. सन २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तरतूद आहे. ‘एगमार्क’ हे चिन्हही अधिकारपत्राशिवाय वापरता येत नाही.

भौगोलिक मानांकन मिळालेल्या नावांचेही तसेच आहे. हापूस आंब्यास सन २०१८ मध्ये हे मानांकन मिळाले असून त्याचे क्षेत्र रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, नागपूरची संत्री, जळगावची केळी, पुरंदरचे अंजीर, घोलवडचा चिकू, सोलापूरचे डाळिंब ही नावेही सन १९९९ च्या कायद्याखाली नोंदलेली आहेत. त्या क्षेत्रातील उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी आणि मग अभिमानाने ते नाव गाडीवर लिहावे. बाहेरचा माल त्या नावाने विकणारा त्या भागातील प्रत्येक शेतकऱ्याच्या ताटातील घास काढून घेतो.

गाव, तालुका, मळ्याचे नाव, मालाचा एक शब्द आणि दूरध्वनी क्रमांक एवढे पुरेसे आहे. मालाचे भाव गाडीवर रंगवू नयेत. भाव रोज बदलतो, रंग रोज बदलत नाही. भावासाठी खडूची पाटी ठेवावी.

कायद्याची बाजू

काही नियम प्रत्येक वाहनधारकाने ध्यानात ठेवावेत.

नोंदणी क्रमांकाची पाटी ही सरकारी नोंद आहे, ती जाहिरातीची जागा नव्हे. तिच्यावरील अक्षरे इंग्रजी व अंक आंतरराष्ट्रीय असावे लागतात. ४१४१ चा ‘दादा’ किंवा २१४ चा ‘राम’ करण्याची हौस दंडास पात्र ठरते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांस उच्च सुरक्षा पाटी बसवूनच येते. मालवाहू वाहनाची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात, खाजगी वाहनाची पाटी पांढरी असते. पांढऱ्या पाटीच्या जीपमधून माल वाहून धंदा करणे व वर तिच्यावर धंद्याचे नाव लिहिणे म्हणजे आपला नियमभंग आपणच जाहीर करणे होय. अशा गाडीस अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. गाडी आधी मालवाहू म्हणून नोंदवावी, विमाही तसाच घ्यावा आणि मग नाव लिहावे. एकूण भारासह वजन ३,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनास परवान्याची अट लागू नाही, हे येथे सांगितले पाहिजे.

काचेवर नाव लिहू नये. पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. दिवे, परावर्तक आणि परावर्तक पट्ट्या यांवर रंगाचा एक थेंबही जाऊ नये. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीवर आणि रात्री चालणाऱ्या गाडीवर नावाहून या पट्ट्या महत्त्वाच्या आहेत. पट्टी पुढे पांढरी, मागे लाल व बाजूस पिवळी असते.

गाडीचा मूळ रंग नोंदणीपत्रात लिहिलेला असतो. पत्र्यावर अक्षरे काढणे निराळे आणि सारी गाडी दुसऱ्या रंगाने रंगविणे निराळे. रंग बदलावयाचा असल्यास त्याची नोंद करून घ्यावी लागते. व्यावसायिक वाहनावरील जाहिरातींसंबंधी परिवहन प्राधिकरणाचे आदेश असतात. म्हणून रंगकामापूर्वी मजकूर कागदावर लिहून प्रादेशिक परिवहन कार्यालयात दाखवून घ्यावा. दुसऱ्या कोणाच्या मालाची जाहिरात भाडे घेऊन आपल्या गाडीवर लावावयाची असल्यास तर हे अवश्य करावे.

‘महाराष्ट्र शासन’ किंवा ‘भारत सरकार’ असे शब्द आणि राजमुद्रा खाजगी गाडीवर वापरू नये. सन १९५० व २००५ च्या कायद्यांनी चिन्हांच्या गैरवापरास मनाई केली आहे. मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्याची जुनी चाल होती. नाहक कर्णा वाजविण्यास तीमुळे उत्तेजन मिळते म्हणून सन २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ती बंद केली. ती जागा आता दूरध्वनी क्रमांकासाठी मोकळी आहे.

अक्षर, रंग आणि जागा

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या माणसास बाजूचा मजकूर वाचावयास फार तर दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात चार-पाच शब्दांपलीकडे वाचून होत नाहीत. पाठीमागून येणाऱ्यास मात्र, विशेषतः सिग्नलपाशी, वाचावयास भरपूर अवधी असतो. म्हणून नाव व क्रमांक मागील फळीवर अवश्य असावेत. बाजूच्या फळीवर नाव मोठे असावे. गिऱ्हाईक बाजारात जवळ उभे राहून वाचते तो बारीक मजकूर त्याखाली येऊ द्यावा. फळी पाडल्यावर मजकूर उलटा होतो किंवा झाकला जातो, हे रंगाऱ्यास आधीच दाखवावे.

ढोबळ मानाने १० सेंटिमीटर उंचीचे ठळक अक्षर १० ते १२ मीटरवरून सहज वाचता येते. देवनागरी अक्षरास वर वेलांटी व मात्रा आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. ती न सोडल्यास दोन ओळी एकमेकींत अडकतात. म्हणून ओळींमध्ये निदान अर्ध्या अक्षराएवढे अंतर ठेवावे. शिरोरेषा फार जाड केली तर अक्षरांची पोटे बुजतात आणि लांबून ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ एकसारखे दिसतात. वेलबुट्टी, सावल्या आणि चार-चार रंग टाळावेत. पांढऱ्यावर गडद निळा अथवा हिरवा, पिवळ्यावर काळा हे मेळ लांबून स्पष्ट दिसतात. तांबडा रंग उन्हात लवकर विटतो. दूरध्वनीचे दहा अंक पाच-पाचांच्या दोन गटांत लिहावेत, म्हणजे ते ध्यानात राहतात.

हाताने एनॅमल रंगात लिहिणे स्वस्त पडते आणि गावच्या रंगाऱ्यास काम मिळते. व्हायनिलची चिकटपट्टी रेखीव दिसते व गाडी विकताना काढताही येते. परंतु हलक्या प्रतीची पट्टी एका उन्हाळ्यातच कडा सोडते. अर्धी निघालेली अक्षरे बिननावाच्या गाडीहून वाईट दिसतात.

खर्चाचा हिशेब

समजा, रंगकामास ३,००० रुपये पडले व ते तीन वर्षे टिकले. म्हणजे वर्षास १,००० रुपये झाले. आठवड्यास दोन याप्रमाणे वर्षात १०४ फेऱ्या होतात, म्हणजे फेरीमागे १० रुपयांहूनही कमी खर्च येतो. एका फेरीत एखादे गिऱ्हाईक जरी नावावरून परत आले तरी हा खर्च निघतो. मात्र ते येते की नाही हे अंदाजाने ठरवू नये. वहीत दोन रकाने करावेत, एक नव्या गिऱ्हाइकांचा व दुसरा परत आलेल्यांचा. नाव लिहिण्यापूर्वी चार आठवडे व नंतर चार आठवडे नोंद ठेवावी. वही पक्षपात करीत नाही.

ज्यांचा सारा माल एकाच व्यापाऱ्यास, कारखान्यास अगर दूध संघास जातो त्यांना या खर्चातून फारसे काही मिळावयाचे नाही. त्यांनी तो पैसा परावर्तक पट्ट्या व चांगल्या ताडपत्रीवर घालावा. नावाचा लाभ थेट विकणाऱ्यास, रोपवाटिकाधारकास, आणि औजारे अगर यंत्रे भाड्याने देणाऱ्यास अधिक होतो.

निर्णय

त्या दोघा भावांच्या घरी अखेर मधला मार्ग निघाला. त्यांनी प्रथम गाडी रंगविली नाही. प्लायची एक पाटी करून तिच्यावर मळ्याचे नाव, गाव व क्रमांक लिहिला. गाडी बाजारात उभी राहिली म्हणजे ती पाटी बाजूस टांगावयाची आणि निघताना काढून आत ठेवावयाची, असा क्रम ठेवला. गाडी चालत असताना पाटी बाहेर लोंबू द्यावयाची नाही, हे थोरल्याने बजावले. वही धाकट्याच्या बायकोने लिहिली.

सहाव्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि टोमॅटोस तडे गेले. धाकटा म्हणाला, “दादा, आज पाटी नको लावायला.” तेव्हा थोरल्यानेच पाटी काढून टांगली. तडे गेलेली फळे वेगळ्या पाटीत ओतली आणि त्या पाटीवर खडूने लिहिले : ‘पावसात सापडलेला माल, चटणी-सारासाठी, निम्म्या भावात.’ दुपारपर्यंत ती पाटी रिकामी झाली. त्या सायंकाळी वहीत नव्यांपेक्षा परत आलेल्यांचा रकाना प्रथमच मोठा भरला. रंगाऱ्यास बोलावण्याची गोष्ट मग थोरल्यानेच काढली.

यावरून घ्यावयाचा बोध सरळ आहे. नाव लिहावे की न लिहावे, याचे उत्तर रंगाच्या डब्यात नाही, गाडीत भरलेल्या मालात आहे. ज्या दिवशी हलका मालही हलका म्हणून उघडपणे विकण्याची तयारी झाली, त्या दिवशी शेतकरी बांधवांनी खुशाल आपल्या गाडीवर आपल्या मळ्याचे नाव लिहावे. तोपर्यंत पत्रा कोरा ठेवावा, गाडी स्वच्छ ठेवावी आणि काटा खरा ठेवावा. नावाची तयारी याच तीन गोष्टींनी होते.